कुंडल रोड ते किर्लोस्करवाडी: खेड्यातल्या स्टेशनवर गाडी का थांबते आणि का थांबेनाशी होते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुणे–मिरज मार्गावर तुमच्या गावाला स्टेशन आहे. आजोबांच्या काळी तिथे मास्तर होते, सांधेवाले होते, मालधक्का होता, पार्सलं उतरायची. आज एखाददुसरी पॅसेंजर थांबते आणि एक्स्प्रेस गाड्या न थांबता निघून जातात. त्याच मार्गावर किर्लोस्करवाडीला मात्र वंदे भारतसुद्धा थांबते. असं का झालं, आपल्या स्टेशनचा इतिहास कुठे शोधायचा आणि आता रेल्वेकडे नेमकं काय मागायचं?

या मार्गावर मी स्टेशन मास्तर म्हणून नोकरी केली आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी एक गोष्ट सांगतो, जी गावकऱ्यांना सहसा पटत नाही. या मार्गावरची बरीचशी लहान स्टेशनं गावासाठी बांधलेली नव्हती, ती गाड्यांसाठी बांधलेली होती. 1876 ते 78 च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं धान्यावाचून मेली. धान्य दुसरीकडे होतं, पण ते वेळेवर पोचवायला रूळ नव्हते. त्यानंतर 1882 मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली आणि त्या दशकात तिने हे रूळ टाकायला घेतले. खर्च कमी यावा म्हणून मीटर गेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटरचं अंतर, आणि तीही एकेरी. एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीला कुठेतरी बाजूला घ्यावंच लागतं. म्हणून दर आठ-दहा किलोमीटरवर दुसरा रूळ, दोन्ही टोकांना सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायची जोडणी), सिग्नल आणि हे सगळं सांभाळायला माणसं लागतात. यालाच आपण स्टेशन म्हणतो. जागा ठरायची ती चढ-उतार बघून. सपाट, सरळ आणि पुरेशी लांब जमीन मिळाली, जवळ पाणी असलं, की तिथे स्टेशन. गाव दोन कोसांवर असलं तर ते गावाचं दुर्दैव. मग पाटीवर गावाच्या नावापुढे ‘रोड’ लागायचं. कुंडल रोड हे नाव असंच आलं.

त्या काळात लहान स्टेशनवर काय काम चालायचं हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. गाडी सोडायची तर पुढच्या स्टेशनच्या मास्तरकडून लाइन क्लिअर, म्हणजे पुढचा रूळ मोकळा असल्याची संमती, घ्यावी लागे. दोन स्टेशनांमध्ये दोन यंत्रं विजेच्या तारेने जोडलेली असत. पुढच्या मास्तरने संमती दिल्याशिवाय आपल्या यंत्रातून टोकन बाहेर पडत नसे, आणि एक टोकन बाहेर असताना दुसरं दोन्हीकडून निघत नसे. हे टोकन म्हणजे धातूचा एक गोळा. त्यावर दोन्ही स्टेशनांची नावं आणि क्रमांक कोरलेला. ड्रायव्हरच्या हातात तो गोळा असला तरच त्या भागात शिरायचा त्याला अधिकार. न थांबणाऱ्या गाडीला गोळा द्यायचा तर तो वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेल्या पिशवीत घालून सांधेवाला कडं उंच धरून उभा राहायचा, फायरमन धावत्या इंजिनातून हात घालून ते उचलायचा आणि मागच्या भागाचा गोळा खाली टाकायचा. रात्री मशालीच्या उजेडात हेच. पावसाळ्यात कडं निसटून चिखलात गेलं तर गाडी थांबवून गोळा सापडेपर्यंत सगळे शोधत.

म्हणजे प्रवासी एकही नसला तरी स्टेशन दिवसरात्र जागं असायचं. आणि माणसं तिथे होतीच, तर तिकिटंही तीच विकायची, पार्सलंही तीच घ्यायची, तारही तीच पाठवायची. पुठ्ठ्याची लहान तिकिटं खणांच्या कपाटात क्रमाने लावलेली असायची, तारखेच्या यंत्रात एकेक दाबून द्यायची. समोरच्या गाडीला वाट द्यायला, म्हणजे क्रॉसिंगसाठी, गाडीला थांबावंच लागे, त्यामुळे थांबा वेगळा मागायची गरज नव्हती. तुमच्या आजोबांना जी सेवा मिळाली ती बव्हंशी या कामाच्या आधाराने मिळाली. गावाने मागितली म्हणून मिळाली असं फार थोड्या ठिकाणी झालं.

दुसरा आधार मालाचा. मालधक्का म्हणजे वॅगनच्या दाराच्या उंचीचा दगडी ओटा, त्यावर पत्र्याची शेड, आणि शेजारी बैलगाड्या फिरतील एवढं मैदान. गूळ, हळद, शेंगा, कांदा बाहेर जायचा. मीठ, रॉकेल, कौलं, कोळसा यायचा. व्यापाऱ्याला रेल्वे पावती मिळायची आणि त्या कागदावर सांगली-पुण्याच्या पेढीत उचलही मिळायची. पूर्ण वॅगन भरण्याइतका माल नसला तरी चालायचं. चार पोती, दोन पेट्यासुद्धा रेल्वे घ्यायची, आणि एक सावकाश मालगाडी प्रत्येक स्टेशनवर थांबत, वॅगन जोडत-सोडत जायची.

आता किर्लोस्करवाडीकडे येऊ, कारण खेड्यातल्या स्टेशनने काय घडू शकतं याचं या मार्गावर त्याहून चांगलं उदाहरण नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगरांचा आणि कडबा कापायच्या यंत्रांचा कारखाना बेळगावात होता. नगरपालिकेने ती जागा सोडायला लावली. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी त्यांचे स्नेही. औंधचा मुलूख तुटक-तुटक विखुरलेला होता आणि कुंडल हा त्यातलाच एक तुकडा. पंतांनी कुंडल रोड स्टेशनलगतची 32 एकर जमीन आणि 10,000 रुपयांचं कर्ज दिलं. 1910 च्या मार्चमध्ये मंडळी तिथे आली तेव्हा माळावर निवडुंग होता आणि साप होते. या गोष्टीत माळाचं आणि निवडुंगाचं वर्णन नेहमी येतं, पण रेल्वेच्या माणसाला दुसरीच बाब दिसते. बेळगाव आणि कुंडल रोड एकाच मीटर गेज मार्गावर होतं. यंत्रं बेळगावात वॅगनमध्ये चढवली तर मिरजेवरून थेट माळाच्या कडेला उतरवता येत होती, मध्ये गेज बदलत नव्हता. ओतकामाला बिडाचं लोखंड आणि कोळसा लागतो, आणि तयार नांगर जड असतात. सडक, नदी, बाजारपेठ यातलं काहीच त्या माळावर नव्हतं. पण स्टेशन होतं, आणि कारखान्याला तेवढं पुरलं.

याच औंध संस्थानात कऱ्हाड स्टेशनच्या शेजारी ओगलेवाडी वसली, काचेचा कारखाना आणि प्रभाकर कंदील घेऊन. पुढे 1939 मध्ये भिलवडीला चितळ्यांचा दुधाचा व्यवसाय सुरू झाला, आणि आजही तिथल्या वस्तीला लोक ‘भिलवडी स्टेशन’ म्हणतात. कऱ्हाड, शेणोली, भवानीनगर, ताकारी, किर्लोस्करवाडी, अमणापूर, भिलवडी, नांद्रे. या ओळीतली बरीचशी स्टेशनं एकाच कारणासाठी आखली गेली. जिथे रुळाच्या कडेला काम उभं राहिलं ती स्टेशनं पुढे वेगळी झाली. कुंडल रोडचं नावच बदलून किर्लोस्करवाडी झालं. स्टेशनला गावाचं नाव मिळण्याऐवजी स्टेशनच्या कडेला नवं गाव जन्मलं आणि त्याने स्टेशनला नाव दिलं, असं फार क्वचित होतं.

या ओळीतल्या शेणोलीबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 7 जून 1943 ला प्रतिसरकारच्या तुफान सेनेने शेणोलीजवळ रुळांवर दगड रचून पुणे–मिरज गाडी अडवली आणि सरकारी पगाराची रक्कम पळवली. हा हल्ला करणाऱ्यांचे म्होरके क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ म्हणजे रामचंद्र लाड, दोघेही कुंडलचे. गाडी मागे सरकू नये म्हणून शेवटच्या डब्याच्या पाठीमागेही दगड रचले होते. एकेरी मार्ग, दोन स्टेशनांमधलं निर्जन अंतर आणि संस्थानी मुलखाची जवळीक, या तिन्हींचा विचार त्या बेतात होता. गाडी कशी चालते हे त्या तरुणांना पक्कं ठाऊक होतं. तुमच्या स्टेशनच्या परिसरातही 1942 ते 46 दरम्यान तारा तोडल्याच्या, सांधे उखडल्याच्या आठवणी असतील. सांगणारी माणसं आहेत तोवर त्या लिहून घ्या. बाकी सगळे कागद थांबतील, ही माणसं थांबणार नाहीत.

स्वातंत्र्यानंतर तीन बदल झाले आणि तिन्हींनी लहान स्टेशनची मुळं सैल केली.

पहिला एसटीचा. 1 जून 1948 ला पुणे–नगर ही पहिली गाडी सुटली आणि पुढच्या दोन दशकांत लाल गाड्या गावाच्या पारापर्यंत आल्या. दोन कोस चालत स्टेशनवर जायचं आणि गाडीची वाट बघत बसायचं, यापेक्षा दारातली एसटी कुणालाही बरी. ज्या स्टेशनांची जागा गावापासून लांब पडली होती त्यांचे प्रवासी तेव्हाच गेले.

दुसरा बदल 1971 चा. पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा, झाला. त्याआधी मुंबईला जायचं तर पुण्यात गाडी बदलायची, आणि मालाचं पोतंन् पोतं पुण्यात एका वॅगनमधून काढून दुसऱ्यात भरायचं. ब्रॉडगेजने तो त्रास संपवला. कोल्हापूर–मुंबई महालक्ष्मी एक्स्प्रेस सुरू झाली. पण गाड्या लांब झाल्या, वेग वाढला, वाफेची इंजिनं गेल्यावर पाण्यासाठीचे थांबेही गेले. ब्रॉडगेजला आखूड रूळ चालत नाही. पूर्ण लांबीची मालगाडी बाजूला घ्यायला 686 मीटर मोकळा रूळ हे प्रमाण धरलं जाई. जिथे तेवढी जागा नव्हती, किंवा शेजारचं स्टेशन जवळच होतं, तिथलं क्रॉसिंग काढून टाकणं सोयीचं ठरलं. क्रॉसिंग गेलं की मास्तर जातो, आणि उरतो तो हॉल्ट: एक फलाट, एक पत्र्याची शेड, आणि कमिशनवर तिकिटं विकणारा एजंट.

तिसरा बदल सगळ्यात खोल गेला, आणि त्याबद्दल गावात कुणी बोलत नाही. 1980 च्या दशकात रेल्वेने सुटा माल आणि एक-दोन वॅगनचा माल घेणं जवळजवळ बंद केलं आणि पूर्ण गाडीभर माल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यावर भर दिला. रेल्वेच्या बाजूने बघितलं तर हे समजण्यासारखं होतं. एकेक वॅगन जोडत-सोडत जाणारी मालगाडी आठवडा लावायची आणि एकेरी मार्ग अडवून ठेवायची. पण चाळीसेक वॅगन एकदम भरेल एवढा गूळ कुठल्या एका गावात असतो? व्यापारी ट्रककडे गेला तो परत आला नाही. मालधक्क्याच्या शेडमध्ये आता लोक गुरं बांधतात, आणि तो ओटा काय होता हे तिथल्या मुलांना माहीत नसतं. या निर्णयाला दुसरी बाजू द्यायला हवी होती असं मला नोकरीत असतानाही वाटायचं आणि आजही वाटतं. पाच-सहा स्टेशनांचा माल एका मधल्या स्टेशनवर गोळा करायची सोय उभी केली असती तर या पट्ट्यातली द्राक्षं आणि हळद अजून रुळांवर असती.

2020 मध्ये टाळेबंदीत पॅसेंजर गाड्या थांबल्या. परत आल्या तेव्हा बऱ्याच गाड्या ‘एक्स्प्रेस स्पेशल’ म्हणून आल्या आणि भाडं वाढलं. देशभर अनेक लहान थांबे वगळले गेले. 2024 च्या सुरुवातीला साधं भाडं पुन्हा लागू झालं. थांबे मात्र सगळीकडे परत आले नाहीत.

तर किर्लोस्करवाडीला वंदे भारत का? 2024 च्या सप्टेंबरमध्ये कोल्हापूर–पुणे वंदे भारत आठवड्यातून 3 दिवस सुरू झाली. मधले थांबे मिरज, सांगली, किर्लोस्करवाडी, कऱ्हाड आणि सातारा. बाकी चारही मोठी शहरं, आणि त्यांच्यात हे एक. माझ्या मते यामागे दोन गोष्टी आहेत. कारखान्यामुळे या स्टेशनवर लांबचं तिकीट काढणारा प्रवासी शंभर वर्षांपासून आहे: अभियंते, पाहुणे, व्यापारी, बदलीवर येणारी-जाणारी कुटुंबं. आणि पलूस, कुंडल, विटा या भागाला तेच सोयीचं स्टेशन आहे. रेल्वे थांब्याचा हिशोब लोकसंख्येवर करत नाही, त्या स्टेशनवरून विकल्या गेलेल्या तिकिटांच्या उत्पन्नावर करते. दोन मिनिटांचा थांबा म्हणजे दोन मिनिटं नव्हेत. वेग उतरवणं आणि पुन्हा धरणं धरून लांब गाडीची पाच-सहा मिनिटं जातात, आणि एकेरी मार्गावर तेवढ्याने समोरच्या गाडीचं क्रॉसिंगही बिघडतं. दुहेरीकरण पुरं होत जाईल तशी ही अडचण कमी होईल. म्हणूनच थांबा मागायला येती वर्षं बरी आहेत.

आता इतिहास कुठे शोधायचा ते सांगतो. पहिली अडचण अशी की या मार्गाची मालकी बदलत गेली. सदर्न मराठा, मग 1908 पासून मद्रास अँड सदर्न मराठा, 1951 मध्ये दक्षिण रेल्वे, पुढे दक्षिण मध्य, आणि आता मध्य रेल्वेचा पुणे विभाग. जुने कागद त्या-त्या मुख्यालयांत विखुरले. पुण्याच्या कचेरीतून ‘आमच्याकडे काही नाही’ असं उत्तर आलं तर खचून जाऊ नका. गावातूनच सुरुवात करा. तलाठ्याकडे जुने फेरफार बघा. रेल्वेसाठी जमीन घेतल्याची नोंद त्यात असू शकते, आणि असली तर कुणाचं शेत किती गेलं हेही कळतं. गाव संस्थानी मुलखात होतं की इंग्रजी, हे आधी ठरवा, कारण कागदाची वाट तिथून फुटते. मुंबई, पुणे आणि कोल्हापूर इथल्या पुराभिलेखागारांत दोन्ही अमदानींचे कागद आहेत. 1885 चं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर हा मार्ग येऊ घातला होता त्या वेळचं आहे. रेल्वेपूर्वी तुमच्या भागातला माल कुठल्या वाटेने जात होता हे त्यात सापडेल. मार्गाचा कुठला भाग कधी खुला झाला याच्या तारखा रेल्वे बोर्डाने वेळोवेळी छापलेल्या बांधणीच्या इतिहासात भागवार दिलेल्या आहेत.

आणि स्टेशनवर जाऊन डोळे उघडे ठेवून हिंडा. जुन्या शेडचे खांब आणि कुंपणाचे खुंट पुष्कळदा जुन्या रुळांचे असतात. रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीवर हात फिरवा. गंज घासून काढला की बनवणाऱ्याचं नाव आणि साल उठून दिसतं, कधी रेल्वे कंपनीची अक्षरंही. मात्र रुळाचं साल म्हणजे स्टेशनचं साल असं धरू नका. तो रूळ आधी दुसरीकडे वापरला गेलेला असू शकतो. जिथून डब्यात उंच चढावं लागतं असा, रुळाच्या पातळीचा फलाट दिसला तर तो मीटर गेजच्या वेळचा असू शकतो. पूर्ण उंचीचा फलाट 760 ते 840 मिलिमीटरचा असतो. फलाटापासून जरा लांब, एकाकी दगडी चौथरा दिसला तर तिथे सांधे-सिग्नल चालवायची केबिन किंवा पाण्याची टाकी होती का ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. विहीर तर बहुधा असेल. हे सगळं बघताना स्टेशन मास्तरांना सांगून जा आणि रूळ ओलांडू नका.

शेवटी मागणीचं. आधी तुमचं स्टेशन आज कुठल्या गटात आहे ते माहितीच्या अधिकारात विचारा. उपनगरी नसलेल्या स्टेशनांचे एनएसजी-1 ते एनएसजी-6 असे गट आहेत आणि हॉल्टचे एचजी-1 ते एचजी-3. पिण्याचं पाणी, बसायची जागा, सावली, दिवे, स्वच्छतागृह या किमान सोयी गटानुसार ठरलेल्या आहेत. त्या नसतील तर तुम्ही जे मागता ते रेल्वेने मान्य केलेल्या नियमातलं आहे. तिथे विनवणी करायचं कारण नाही. अशा कामांना खासदार निधीही वापरता येतो. एक्स्प्रेसच्या थांब्याचा निर्णय मात्र रेल्वे बोर्डाकडे असतो. विभागीय कचेरीतून प्रस्ताव वर जातो, त्यासोबत तिकीटविक्रीचे आकडे जातात, आणि मंजूर झाला तर थांबा बहुधा प्रायोगिक म्हणून मिळतो. त्या मुदतीतली विक्री बघून तो कायम होतो किंवा काढला जातो.

म्हणून अर्जाच्या आधी सहा महिने गावाने एक शिस्त पाळावी. ज्या स्टेशनवरून चढता त्याच स्टेशनपासूनचं तिकीट काढा. सांगली किंवा कऱ्हाडपासूनचं आरक्षण काढून आपल्या गावी चढायची सवय फार जणांना आहे, आणि त्यामुळे तुमच्या स्टेशनचं उत्पन्न दुसऱ्याच्या खात्यात दिसतं. मग गेल्या 3 वर्षांची महिनावार तिकीटविक्री मागवा. अर्जात सगळ्या गाड्या मागू नका. एकच गाडी मागा. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशी एक जोडी, कोयना किंवा महाराष्ट्र एक्स्प्रेससारखी, जी आधीच लहान स्टेशनांवर थांबते. आसपासच्या ग्रामपंचायती, महाविद्यालय, साखर कारखाना आणि दवाखाना यांची पत्रं जोडा, आणि प्रत्येक पत्रात रोज किती माणसं कुठून कुठे जातात ते लिहून घ्या. अर्ज वाणिज्य (तिकिटं आणि उत्पन्न बघणारी) आणि परिचालन (गाड्या चालवणारी) या दोन्ही शाखांना वेगवेगळा द्या, कारण थांबा बहुतेक वेळा परिचालनाच्या टेबलावर अडतो. त्याची एक प्रत विभागीय रेल्वे उपयोगकर्ता सल्लागार समितीवरच्या तुमच्या भागातल्या सदस्याकडे पोचवा आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो विषय आला का, हे त्यांच्याकडून लेखी घ्या.